माचू पिचूला पायी जायचंय? इन्का ट्रेलची तयारी अशी करा

पेरूतल्या कुस्को शहराहून माचू पिचूकडे, म्हणजे इन्का लोकांच्या डोंगरातल्या जुन्या शहराकडे, जाणाऱ्या रेल्वेच्या ८२ व्या किलोमीटरला एक चौकी आहे. चौकी ओलांडली की उरुबांबा नदीवरचा झुलता पूल, आणि पुलापलीकडे इन्का ट्रेल, त्या शहरापर्यंत नेणारी इन्कांची जुनी पायवाट. आमच्या गटात ठाण्याची एक मुलगी होती. परमिट निघाल्यावर तिच्या पासपोर्टची मुदत संपत आली म्हणून तिनं नवा पासपोर्ट काढला आणि कंपनीला कळवायचं राहून गेलं. नशिबानं जुना पासपोर्ट बॅगेत होता. चौकीवरच्या माणसानं दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, नाव बोटानं वाचलं, गाइडशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला, परत नाव वाचलं. सोडेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली असतील. पुढे ४,२१५ मीटरची खिंड ती गप्पा मारत चढली, पण चौकीचा विषय काढला की अजून गप्प होते.

म्हणून हा लेख चालण्यापासून सुरू होत नाही. ट्रेक चार दिवस, तीन रात्रींचा. अंतर जेमतेम ४२-४३ किलोमीटर. पण तो नीट पार पडणार की नाही, हे बरंचसं घरी बसून सहा महिने आधी ठरतं आणि उरलेलं कुस्कोत पोचल्यावरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत.

परमिट आणि महिना

या वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच सोडतात. आकडा भरपूर वाटतो, पण त्यात गाइड, स्वयंपाकी आणि पोर्टरही धरलेले असतात. आपल्यासारख्यांच्या वाट्याला साधारण २०० जागा येतात. एकट्यानं पाठीवर सॅक टाकून निघायची सोय नाही. परवाना असलेली कंपनी आणि तिचा गाइड सक्तीचा. परमिटही कंपनीच काढते, तुमच्या नावावर आणि पासपोर्टच्या नंबरवर. एकदा निघालं की दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तारीख बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत.

इथे आपल्या नावांचा घोळ होतो. कंपनीच्या फॉर्मवर पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडून आलेलं असतं, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामीच असते. आधार कार्डावर काय आहे, घरी काय म्हणतात, हे सगळं विसरा. पासपोर्टवर जसं छापलंय तसं, स्पेलिंगसकट, उतरवा आणि पहिल्या पानाचा फोटो सोबत पाठवा. लग्नानंतर आडनाव बदलायचा बेत असेल तर आधी पासपोर्ट, मग परमिट. आणि मधेच पासपोर्ट बदलावा लागलाच तर लगेच कळवा, जुनाही सोबत ठेवा. चौकीवर मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही.

महिना निवडताना आपलं कॅलेंडर उलटं करावं लागतं. जून-जुलै म्हटलं की आपल्याला भिजलेल्या कातळवाटा आठवतात. पेरू दक्षिण गोलार्धात, तिथे तेव्हा कोरडा हंगाम. आकाश स्वच्छ, दिवसा ऊन, पण असतो तो हिवाळा, त्यामुळे वरच्या कॅम्पवर रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. मे ते ऑगस्टची परमिटं फार लवकर संपतात, पाच-सहा महिने आधी हात-पाय हलवा. फेब्रुवारीत डागडुजीसाठी ट्रेल पूर्ण बंद असतो. डिसेंबर ते मार्च तिकडचा पावसाळा, आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. जानेवारी २०१० मध्ये पुरानं आणि दरडींनी रेल्वेमार्ग तुटला, हजारो पर्यटक अडकले, त्यांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं आणि माचू पिचू एप्रिलपर्यंत बंद राहिलं. मला विचाराल तर मे महिना धरा: डोंगर अजून हिरवे असतात आणि पाऊस ओसरलेला असतो. नाहीतर सप्टेंबर. २४ जूनच्या आसपास कुस्कोत इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो. बघण्यासारखा आहे, पण तेव्हा हॉटेलांचे भाव आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात.

कंपनी: भाव विचाराल तसं वजनही विचारा

चांगल्या कंपनीचा चार दिवसांचा ट्रेक साधारण ७०० ते १,००० अमेरिकी डॉलरच्या घरात पडतो. त्यात परमिट, गाइड, तंबू, जेवण, परतीची रेल्वे असं बहुतेक सगळं येतं. स्लीपिंग बॅग आणि काठ्या बऱ्याचदा वेगळ्या भाड्यानं. यापेक्षा फारच स्वस्त कुणी देत असेल तर तो पैसा कुठून वाचवतोय, हा प्रश्न पडायला हवा. उत्तर बहुतेक वेळा पोर्टरच्या पाठीवर सापडतं.

या वाटेवर सामान वाहायला जनावरांना बंदी आहे. तंबू, गॅस, भांडी, अंडी, तुमची बॅग, सगळं माणसं वाहतात. बहुतेक जण आसपासच्या डोंगरांतल्या गावांतले, घरी केचुआ बोलणारे शेतकरी. पूर्वी त्यांच्यावर किती ओझं लादावं याला धरबंध नव्हता. २००१ च्या कायद्यानंतर पोर्टरमागे २० किलोची मर्यादा आली, त्यात त्याचं स्वतःचं सामानही धरतात. ८२ व्या किलोमीटरला याचा ताळा होतो. काट्यावर ओझं ठेवतात, जास्त भरलं तर तिथेच उतरवतात. आमच्या वेळी एका गटाची गॅसची टाकी या पाठीवरून त्या पाठीवर, मग तिसऱ्याच्या पाठीवर अशी फिरली आणि शेवटी त्यांच्या गाइडनं स्वतःच्या सॅकमधे दोन पातेली कोंबली.

बुकिंगच्या आधी कंपनीला सरळ विचारा. पोर्टरना स्लीपिंग बॅग आणि झोपायला तंबू कंपनी देते का, ते काय जेवतात, मजुरी किती मिळते. ज्यांचं सगळं नीट असतं ते मोकळेपणानं सांगतात. टाळाटाळ झाली की दुसरी कंपनी बघावी. अलीकडे काही कंपन्या बायकांनाही पोर्टर म्हणून घेतात, तेही विचारता येईल. शेवटच्या संध्याकाळी टीप द्यायची पद्धत आहे. साधारण आकडा कंपनी आधी सांगते. ती सोल या तिथल्या चलनात, सुट्या नोटांत द्या. ट्रेलवर एटीएम नाही आणि शंभराची नोट चौघांत कशी वाटायची हा प्रश्न त्यांच्या गळ्यात मारू नये.

कागदपत्रं, लस, विमा

भारतीयांकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा, निदान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी एकदा खात्री करून घ्या. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही; युरोप, अमेरिका किंवा ब्राझीलमार्गे जावं लागतं, म्हणून मधल्या विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघा.

पिवळ्या तापाची लस मात्र विसरू नका. खुद्द कुस्को आणि ट्रेलच्या उंचीवर त्या तापाची भीती नाही. पण पेरू हा भारताच्या यादीतला देश आहे, आणि तिथून परतताना लशीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून घरी जाण्याऐवजी विलगीकरणात जावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि केंद्रांवर वेळ मिळायलाही दिवस जातात.

विम्याच्या कागदावर उंचीची मर्यादा वाचा. साध्या प्रवास विम्यात ट्रेकिंग धरलेलं नसतं, किंवा ३,००० मीटरपर्यंतच असतं. आपल्याला ४,२१५ मीटर चढायचंय.

गुडघे

सह्याद्रीत फिरणाऱ्याला हा ट्रेक झेपतो का? झेपतो. दोर लागत नाही, कातळटप्पे नाहीत, दृष्टीभय फारसं नाही, सगळी वाट फरसबंद किंवा मळलेली. गाइड पुढे आणि मागे असतो, वाट चुकायची भीती नाही. पण पायऱ्या आहेत. हजारो. त्याही रायगडासारख्या एका मापाच्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, तिसरी बाहेरच्या बाजूला कललेली.

या पायऱ्यांमागे कारण आहे. इन्कांकडे घोडे नव्हते, बैल नव्हते, गाडीही नव्हती. माल जायचा माणसाच्या पाठीवर नाहीतर लामा या उंटाच्या जातीतल्या छोट्या जनावराच्या. ज्या रस्त्यावरून चाक जायचंच नाही, तो वळणं घेत घेत नेण्याची गरज काय? चढ आला, पायऱ्या खोदल्या. अशा रस्त्यांचं जाळं त्यांनी आजच्या कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत विणलं होतं, एकूण ३०,००० किलोमीटरच्या आसपास. निरोपे ठरावीक अंतरावर एकमेकांना निरोप देत त्यावरून पळायचे. आपण चालतो तो त्यातला चिमुकला तुकडा.

तर तयारी पायऱ्यांची करा. तीन महिने, आठवड्याला एक गड. पुणेकरांनी सिंहगड, मुंबईकरांनी माहुली किंवा पेब, नाशिककरांना सांगायलाच नको. पाठीवर पाच-सहा किलो घेऊन चढा. सगळे चढायचा सराव करतात आणि घोटाळा उतरताना होतो. तिसऱ्या दिवशी जवळपास हजार मीटर उतार आहे, सगळा दगडी पायऱ्यांचा. माझी युक्ती अशी: बिल्डिंगमधे लिफ्टनं वर जा आणि जिन्यानं खाली या. दहा मजले असतील तर दहा फेऱ्या. शेजारी विचारतील, सांगा पेरूला चाललोय.

उंचीचा सराव मात्र इथे होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर; ट्रेल सुरू होतो तोच २,७०० मीटरच्या आसपास. ज्यांनी हिमाचलचा सर पास केलाय त्यांनी जवळपास तेवढी उंची पाहिलेली आहे. पण मागच्या वेळी त्रास झाला नाही म्हणून या वेळी होणार नाही, असं उंचीचं गणित नसतं.

कुस्कोत पोचल्यावर काही करू नका

लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर. विमान सव्वा तासात तिथे नेऊन सोडतं. लेहला विमानानं गेलेल्यांना ही भानगड ठाऊक असेल. उत्साहात सामान टाकून लोक भटकायला बाहेर पडतात आणि रात्री डोकं धरून बसतात. या त्रासाला तिथे सोरोचे म्हणतात.

ट्रेकच्या आधी निदान तीन दिवस उंचीवर काढा, चार मिळाले तर उत्तम. त्यातही एक शहाणपण करता येतं. कुस्कोच्या विमानतळावरून थेट टॅक्सी करून खाली उरुबांबाच्या खोऱ्यात, ओयांतायतांबोला जा. ते २,८०० मीटरच्या आसपास आहे. पहिल्या दोन रात्री तिथे झोपा, मग कुस्कोला वर या. ओयांतायतांबोच्या गल्ल्या अजून इन्कांनी आखल्या तशाच आहेत, कडेनं दगडी पाटातून पाणी वाहतं. गावावरच्या किल्ल्याच्या पायऱ्या चढून बघितल्या की आपली तब्येत कुठवर आलीय तेही कळतं. कुस्कोत सॅक्सायवामानची तटबंदी बघा. दगड शंभर टनांच्या वरचेही आहेत, कोपऱ्याला कोपरा असा बसवलेला की चुना लागलाच नाही.

पाणी भरपूर प्या, जेवण हलकं, दारू ट्रेक संपेपर्यंत नको. तिकडचे लोक कोकाच्या पानांचा चहा देतात, तो घ्यायला हरकत नाही. पेरूत ही पानं कायदेशीर आहेत, पान-सुपारीसारखी पुढे केली जातात. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. थोडं डोकं दुखणं, झोप न लागणं चालायचंच. बसल्या जागी दम लागणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, ओला खोकला यांतलं काहीही दिसलं की गाइडला ताबडतोब सांगायचं आणि खाली उतरायचं. तिथे मर्दुमकी नको.

बॅग

पोर्टरकडे द्यायची बॅग बहुतेक कंपन्यांत ७ किलोपर्यंत, स्लीपिंग बॅग आणि मॅट धरून. म्हणजे तुमच्या कपड्यांना उरले तीन-साडेतीन किलो. दिवसभर ती बॅग हाताला लागत नाही, म्हणून पोंचो, लोकरी टोपी, पाणी, औषधं, पासपोर्ट आणि एक गरम थर पाठीवरच्या छोट्या सॅकमधे.

घासून-पुसून वापरलेले बूट. नव्याकोऱ्या बुटांनी जाणाऱ्याची मला दया येते. काठ्यांना रबरी टोपण हवं, उघडं लोखंडी टोक चालत नाही. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे. आपली बाटली न्या, स्वयंपाकी सकाळ-संध्याकाळ उकळलेलं पाणी भरून देतो. हेडटॉर्च, सनस्क्रीन, टॉयलेट पेपर, शेवटच्या दोन दिवसांसाठी डासांचं क्रीम (खाली जंगलात चिलटं चावतात आणि आठवडाभर खाजतं), इलेक्ट्रालची पाकिटं, पॉवर बँक. संडास बरेचसे भारतीय पद्धतीचे. गटातले युरोपियन कुरकुरत होते, आम्ही निवांत.

खाण्याची चिंता करू नका. तंबूत टेबल मांडून तीन-तीन पदार्थ येतात. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी सांगा आणि पहिल्या दिवशी स्वयंपाक्याला पुन्हा सांगा. चिकन सूपमधलं चिकन काढून दिलं की शाकाहारी झालं, असं समजणारेही भेटतात. मी शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याची चिक्की नेली होती. दुसऱ्या दिवशी गाइडनं मधल्या वेळच्या खाऊत एक वडी दिली: फुललेले पांढरे दाणे, मधात वळलेले. किविचा म्हणाला. चव घेतली तर आपला राजगिराच, सख्खा भाऊ. मी माझी चिक्की त्याच्यापुढे धरली. त्यानं तोडून खाल्ली आणि केचुआत पोर्टरना काहीतरी सांगितलं, सगळे हसले. राजगिरा, बटाटा, शेंगदाणे, साबुदाण्याचा कंद, हिरवी मिरची: आपलं उपवासाचं अख्खं ताट मूळचं अमेरिका खंडांतलं. एकादशीला हे आजीला सांगून बघा.

चार दिवस

पहिला दिवस फसवा. नदीकाठानं साधारण बारा किलोमीटर, हलका चढ-उतार, वाटेत घरं, कोंबड्या, निवडुंग. दुपारकडे एका कड्यावरून ल्याक्तापाता हे इन्कांचं जुनं गाव दिसतं: खाली नदीच्या वळणावर शेतीच्या पायऱ्यांची भलीमोठी लाट आणि तिच्यामागे वस्तीचे चौकोन. इथे रेंगाळा. मुक्काम वाय्याबांबाला, ३,००० मीटर. पाय ताजे असतात म्हणून लोक आज पळतात, आणि त्याची फेड उद्या करतात.

दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का. केचुआत वार्मि म्हणजे बाई, वान्युस्का म्हणजे मेलेली. कुणी बाई तिथे मेली म्हणून नव्हे, तर लांबून खिंडीची रेषा उताण्या झोपलेल्या बाईसारखी दिसते म्हणून. ३,००० वरून ४,२१५ मीटर. सिंहगड लागोपाठ दोनदा चढण्याइतकं, तेही विरळ हवेत. आधी सालपटं सुटलेल्या लाल बुंध्यांचं जंगल, मग उघडं माळरान, आणि मग खिंड समोर दिसायला लागते. वाईट गोष्ट हीच. दोन तास ती तेवढीच लांब दिसते.

इथे एकच तंत्र चालतं: इतकं हळू चालायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. बोलता येईना की वेग कमी. भरभर जाऊन बसण्यापेक्षा न थांबता रांगत गेलेलं बरं. आमच्या गाइडनं शेवटच्या टप्प्याला माझ्या हातात कोकाची तीन पानं दिली, पंख्यासारखी धरायला लावली आणि डोंगराकडे तोंड करून फुंकर मारायला सांगितली. डोंगराच्या देवाला ते आपू म्हणतात. मग ती पानं एका दगडाखाली ठेवली. पाठीमागून टायरच्या चपला घातलेला पोर्टर वीस किलो घेऊन झपझप वर गेला. पोर्टर आला की डोंगराच्या अंगाला सरकून वाट द्या, दरीच्या अंगाला नको. ओझ्याचा धक्का लागला तर डोंगराकडेच पडाल. आणि तोंडभरून 'सुल्पाय्की' म्हणा. म्हणजे धन्यवाद. स्पॅनिश 'ग्रासियास'पेक्षा याला जास्त हसू मिळतं.

खिंडीवर वारा असतो. फोटो काढा, गरम थर चढवा, दहा मिनिटांत उतरायला लागा. पाकायमायोचा कॅम्प ३,६०० मीटरवर आणि रात्र कडाक्याची. आपल्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा.

तिसरा दिवस सगळ्यात लांब, साधारण सोळा किलोमीटर, आणि माझ्या मते या ट्रेकला यायचं ते याच दिवसासाठी. सकाळी चढावर रुनकुराकाय लागतं, अर्धगोल भिंतींचं छोटं ठाणं. दुसरी खिंड, साधारण ३,९५० मीटर. मग सायाकमार्का: कड्याच्या टोकावर जहाजासारखं बांधलेलं, वर जायला अरुंद जिना. दमलेले लोक जिना बघून खालीच बसतात. तसं करू नका. वरून दोन दऱ्या एकदम दिसतात, आणि एवढ्या अवघड जागी पाणी कसं आणलं ते दगडी पाटांतून बोट फिरवून समजून घेता येतं. पुढची वाट तर बहुतांश मूळची इन्कांची. दलदलीवर भराव घालून केलेला रस्ता, कातळ फोडून काढलेला बोगदा आणि त्यातल्या पायऱ्या. फुयुपातामार्काला, म्हणजे ढगांवरच्या गावाला, आम्ही पोचलो तेव्हा खरंच ढगात होतो. स्नानकुंडांतून पाणी पडल्याचा आवाज यायचा, कुंडं दिसत नव्हती.

आणि मग तो उतार. पाऊल आडवं टाका, काठ्या आधी खालच्या पायरीवर, उडी कधीच नाही. ओल्या दगडावर शेवाळ असतं. गुडघ्याला पट्टा लावायचा असेल तर दुखायला लागल्यावर नव्हे, उताराच्या सुरुवातीलाच. दोन-अडीच तासांनी खाली विन्याय वायनाचा कॅम्प, २,६५० मीटरच्या आसपास. हवा ओलसर, ऊबदार, झाडांवर ऑर्किड. विन्याय वायना म्हणजे सदातरुण; नाव तिथल्या एका ऑर्किडचंच आहे. कॅम्पपासून पाच-दहा मिनिटांवर त्याच नावाचे अवशेष: डोंगराच्या पोटात वाकलेल्या शेतीच्या पायऱ्या, मधून उतरणारी कुंडांची रांग, खाली नदीचा घोष. बूट काढून तंबूत आडवं व्हायचा मोह होतो. बूट काढण्याआधी बघून या, उजेड असेपर्यंत. आमच्यातले पाचच जण गेले, आणि आम्हाला ती जागा जवळपास एकट्यांना मिळाली. दुसऱ्या दिवशी माचू पिचूत असं काही मिळत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवतात. सूर्योदयासाठी, असं सांगतात. खरं कारण म्हणजे पोर्टरना सगळं आवरून पहाटेची रेल्वे गाठायची असते. चौकीचं फाटक साडेपाचला उघडतं, तोवर अंधारात रांगेत बसायचं. फाटक उघडल्यावर पळणारे पळतात. अरुंद वाट, एका बाजूला दरी. जाऊ द्या त्यांना. पाच किलोमीटर आहे, शेवटी एक उभा जिना लागतो, तिथे सगळे हातापायांवर येतात. मग इंतिपुंकू, सूर्याचं दार.

इथून माचू पिचू दिसतं. किंवा धुकं दिसतं. आम्हाला चाळीस मिनिटं नुसतं पांढरं दिसलं. गाइड म्हणाला बसा, बसलो. मग एका कोपऱ्यातून वाफ उडाल्यासारखं झालं आणि खाली आधी बसचा वळणावळणाचा रस्ता उघडला, मग भिंती. इंतिपुंकूला घाई करू नका एवढंच. खाली शहरात फिरायला ठरवून दिलेले मार्ग असतात, परमिटात कुठला धरलाय ते कंपनीला आधीच विचारून ठेवा. मोठी सॅक आत नेता येत नाही. आणि स्वच्छतागृह फाटकाबाहेर आहे, आत नाही.

नावाबद्दल एक. तिथले लोक 'पिक्चू' म्हणतात, मधला क् स्पष्ट उच्चारून. माचू पिक्चू म्हणजे जुना डोंगर. १९११ च्या २४ जुलैला हायरम बिंगम हा अमेरिकन संशोधक तिथे पोचला आणि जगाला ठाऊक झालं, पण त्याला वर नेलं ते स्थानिक शेतकऱ्यांनी, आणि तेव्हाही त्या पायऱ्यांवर लोक शेती करत होते. गाइड हे सांगताना जरा आवाज चढवतो. त्याचं बरोबर आहे.

परमिट मिळालंच नाही तर

१०४ व्या किलोमीटरपासूनचा दोन दिवसांचा छोटा ट्रेल आहे. त्यालाही परमिट लागतं, पण उंची कमी, एकाच दिवसाची चाल, विन्याय वायना आणि इंतिपुंकू दोन्ही पदरात. आईवडिलांना न्यायचं असेल तर मी हाच सुचवेन. साल्कान्ताय ट्रेकला अशी परमिटांची मर्यादा नाही. डोंगर जास्त भव्य, खिंड ४,६०० मीटरच्या आसपास, पण वाटेवर अवशेष फार नाहीत. आणि गर्दीचा तिटकारा असेल, पाय पोलादी असतील, तर चोकेकिराव हे इन्कांचंच दुसरं ठिकाण: आपुरिमाक नदीच्या खोल दरीत दीड हजार मीटर उतरून पुन्हा तेवढंच चढायचं, आणि तसंच परत. तिथे शेतीच्या पायऱ्यांच्या भिंतीत पांढऱ्या दगडांचे लामा जडवलेत. माझं अजून राहिलंय.

परतताना

माचू पिचूहून बस अर्ध्या तासात खाली आग्वास कालियेंतेसला सोडते. गावाच्या नावाचा अर्थच गरम पाणी. कुंडं आहेत, स्विमिंग कॉस्च्युम लागतो. परतीच्या रेल्वेची वेळ आणि जेवणाची वेळ यांत दोन तासांचं अंतर ठेवा, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच भूक लागलेली असते. रेल्वे ओयांतायतांबोपर्यंत, पुढे गाडीनं कुस्को.

आणि कुस्कोतल्या हॉटेलवर सॅकचे सगळे कप्पे उलटे करून झटका. जॅकेटचे खिसे, पोंचोची घडी, सगळं. कोकाची पानं पेरूत चहाला चालतात. भारतात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, आणि मधे जिथे विमान बदलाल तिथेही बहुधा तसंच. माझ्या कॅमेऱ्याच्या पाकिटात दोन निघाली, लेन्सच्या टोपणाखाली. कधी ठेवली होती, आठवेना. हॉटेलच्या अंगणातल्या कुंडीत टाकून दिली.